कोऱ्या कापडाची गोधडी

पंचफुला माही शेजारीन. भिंतीले भिंत लागून घर. म्हून सांगतो, तिच्या कामाले कोनी नावं ठेवली का माह्या तळपायाची आग मस्तकात जाते. अवं, साऱ्या अकोल्यात गोधडी शिवावी तं तिनंच! बार्शीटाकळीची लेक. तिची माय शिवे, आजी शिवे. नवरा देवमन हमाली करे, पन घरची चूल पेटे ते पंचफुलाच्या सुईवर.

तिचा एकच हट्ट होता. नवं कापड आलं का पहिले रातभर भिजत घालाचं, खळ काढाची, जाईन तेवढा रंग जाऊ द्याचा, वाळवाचं, अन् मंगच सुई लावाची. गोधडीच्या आत असतात जुनी लुगडी, धुऊन धुऊन आटून बसलेली. वरून कोरं कापड लावलं तं पहिल्याच धुन्यात वरचं आटते, आतलं आटत नाई, अन् गोधडीचा गोळा होते.

अठ्ठावन साली, दिवाळी झाल्यावर, बगीच्यावाल्या वामनरावाची बायको पार्बताबाई आमच्या मोहल्ल्यात आली. तिची लेक मैना बाळंत झाली होती, नातवासाठी गोधडी पाह्यजे होती. लालभडक कोरं कापड आनलं, आतून लावाले सोताचीच जुनी पांढरी लुगडी. दाराच्या बाहेरच गठुडं खाली ठेवलं अन् लांब होऊन म्हने, "पंचफुले, हे भिजवू नको. कोरंच शिव."

"बाई, आटन ना. रंगही उतरन."

"उतरू दे. तुमच्या घरचं पानी नको लावू त्याले. कोरड्याले काई होत नाई, ओल्याले इटाळ लागते."

आयकलं? आमी बौद्ध झालो त्याले दोन वर्षं झाली होती, सरकारनं कायदा केला होता, अन् ह्या बाईच्या डोक्यात अजून ओलं अन् कोरडं! अन् सुईत दोरा ओवताना पंचफुला तो तोंडात ओला करे, त्याचं काय व? ते चालते?

मी म्हटलं, "फेक ते गठुडं रस्त्यावर!"

पंचफुला म्हने, "लेकराची गोधडी हाय, जाई. लेकरानं काय केलं?" अन् बसली शिवत. कोरंच शिवलं, पन जीव ओतून शिवलं. चारी कोपऱ्याले मोर काढले. मी पाहून राह्यली होती अन् माहा जीव जळून राह्यला होता. गोधडी नेऊन दिली तवा पार्बताबाईनं ती ओट्यावरच ठेवाले लावली.

आठ दिवसांनी त्यायच्या गड्यानं सांगावा आनला, बाईनं बोलावलं म्हून. मी सोबत गेली. आंगनात गल्लीतल्या बाया जमलेल्या, लेकरू पाहाले आलेल्या. पार्बताबाईनं गोधडी आमच्या पायाशी फेकली. लाल रंग आतल्या लुगड्यात उतरलेला, कापड आकसलेलं, टाके तुटलेले, मोराच्या माना वाकड्या.

"पाहा व, हे इचं काम! आता गल्लीतून एक चिंधी इच्याकडं जाऊ देनार नाई."

त्या गल्लीच्या कापडावर तं पंचफुलाचा हिवाळा निघे! मी तोंड उघडनार, तं तिनं माहा हात दाबला. खाली बसून तिनं गोधडी चाचपली.

"बाई, माह्या घरचं पानी इले लागलं नाई. मंग ही भिजली कोनाच्या पान्यानं?"

पार्बताबाई म्हने, "लेकरानं ओली केली असन."

"कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत?"

तवा दारातून मैना बोलली, लेकरू खांद्यावर घेऊन. "आईनंच बुडवली. घरात घ्याच्या आंधी, हौदात. अख्खा दिवस."

माय वो! कोरड्याले इटाळ लागत नाई म्हनाऱ्या बाईनं कोरडी गोधडी सुद्धा बुडवून काढली होती! सोताच्या हातानं नास केला अन् बोल आमच्या पंचफुलाले! मी मंग नाई थांबली. मले जेवढं येते तेवढं सारं बोलली. बाया खाली पाहाले लागल्या.

पार्बताबाईचा आवाज उतरला. घरातून दुसरं कापड आनलं अन् पंचफुलाच्या समोर धरलं. "बरं, झालं ते झालं. हे ने. धू तुह्या घरी, तुह्या पान्यानं, अन् शिव."

पंचफुलानं कापड हातात घेतलं. "शिवतो, बाई. फक्त एवढं म्हना, का मी शिवून आनली का तुमी ती हौदात नाई बुडवसान. या साऱ्या बायांसमोर म्हना."

दोन शब्द. नाई बुडवत. एवढेच तं म्हनाचे होते! पार्बताबाईनं लेकीकडं पाह्यलं, बायांकडं पाह्यलं, पदर सारखा केला. मैना म्हने, "म्हन ना व, आई." आईचं तोंड काई उघडलं नाई.

पंचफुलानं कापडाची घडी केली, ओट्यावर ठेवली अन् फाटकाबाहेर निघाली. त्या गल्लीचं काम गेलं ते गेलंच. तो हिवाळा तिनं लोकायच्या वावरात कापूस वेचून काढला.

पन त्या दिवशी मी रस्ताभर शिव्या देऊन राह्यली होती अन् ती भराभर पुढं चालत होती. नाल्यापाशी आलो अन् ती मटकन खाली बसली, पदर तोंडाले लावून रडाले लागली. मी म्हटलं, "कामासाठी रडतं का व? दुसरी गल्ली पाहू."

"कामासाठी नाई, जाई," ती म्हने. "मले वाटलं होतं, बाई म्हनतीन."