पिस्टनवरची माती

मुलीच्या खेळातल्या क्लेच्या मातीचा तेलकट वास आला, की मला तुमसरचं आमचं गॅरेज आठवतं. धाकट्या भावाच्या, दिलीपच्या मोटरसायकलला मी वेगासाठी जास्त उचलीचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त खोल उघडणारा कॅमशाफ्ट बसवला होता. व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का, ते पाहायला पिस्टनवर अशीच माती ठेवून इंजिन हाताने फिरवलं. हेड उघडलं, तर व्हॉल्व्हखाली माती कागदाएवढीच उरली होती; म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये तेवढंच अंतर होतं.

“दादा, लय पातळ दिसून राहिली.”

“तुले गाडी पळवाची हाय का पोळ्या लाटाच्या?”

तो हसला. पटलं म्हणून हसला, असं तेव्हा वाटलं. आता कळतं, तो मोठ्या भावापुढे गप्प बसला होता.

बपेऱ्याच्या रस्त्यावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला, चाक जाम झालं, दिलीप गेला. आईला मी सांगितलं, गाडीच खराब होती. ती अजून त्या गाडीलाच शिव्या घालते. मी शेजारी बसून ऐकतो.