गौरीबरोबर गेलेली आमरी

भाद्रपदातल्या तिन्हीसांजेला आमच्या लालबागच्या चाळीच्या गॅलरीत एक वास दरवळायचा. इतका हलका, की शेजारपाजारच्या स्टोव्हच्या रॉकेलपुढे त्याचा निभाव लागू नये, आणि तरीही स्टोव्ह विझले की तो आपल्या जागी शांतपणे असायचाच. तो आमरीचा, म्हणजे रानातल्या ऑर्किडचा वास. तेलाच्या जुन्या डब्यात जमिनीवरच्या आमरीची एकच काडी उभी होती, तिच्यावर पाच-सहा शुभ्र फुलं आणि प्रत्येक फुलामागे बोटाहून लांब अशी हिरवट शेपटी.

बाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर होते. संपाच्या पहिल्या वर्षी लावणीला हातभार लावायला म्हणून ते कोकणात गेले आणि परतताना गावच्या सड्यावरचं, उघड्या कातळमाळावरचं हे रोप मातीच्या ढेकळासकट घेऊन आले. लोक गावाहून तांदूळ आणतात, आमसुलं आणतात, आमच्या घरधन्यानं गवत आणलं, असं आई चाळभर सांगत सुटली होती. बाबांनी जन्मात कधी तुळसही लावली नव्हती. पण पाळ्यांनी कापलेला दिवस आता अख्खाच्या अख्खा हाती आला होता, आणि त्याचं काय करावं हे त्या माणसाला कळत नव्हतं. त्यांनी डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, जांभ्या दगडाचा चुरा आणि पालापाचोळा कालवला, आणि पाणी साचू नये एवढी एकच काळजी घेत रोज सकाळी डब्यापुढे बसू लागले. काडी वर येऊ लागली तसा त्यांचा चेहरा उजळला. मला तेव्हाही ते दिसत होतं, आणि बरं वाटत होतं.

मग गौरी आल्या. आमच्याकडे गौर मुखवट्याची नसते, तेरड्याच्या रोपांची असते, आणि ती मुळासकटच आणावी लागते. त्या वर्षी गणपतीला गावी जाणं जमलं नव्हतं, त्यामुळे आई मनातून खट्टू होती. बाजारातला तेरडा कुठल्या मातीतला कोण जाणे, असं तिच्या मनानं घेतलं, आणि दारातच गावच्या मातीतलं फुललेलं रोप दिसल्यावर तिला वाटलं, हीच आपली गौर. बाबा सभेला गेले होते. आईनं आमरी अलगद, मुळासकट उपटली, तेरड्याच्या जुडीत बांधली, आणि हळदीकुंकवाच्या पावलांवरून तिला घरात आणलं.

बाबा ओरडले नाहीत. गौरीसमोर ओरडायचं नसतं. ते उकिडवे बसले आणि जुडीची मुळं निरखू लागले. आमरीला दोन कांदे असतात, ते मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. एक सुरकुतलेला, आपलं सगळं फुलांना देऊन बसलेला. त्याला चिकटून दुसरा, पुढच्या वर्षाचा, गुळगुळीत, पण अजून पुरता न भरलेला.

"गौर जाऊंदे," बाबा हळूच म्हणाले, "पण ह्यो कांदो माका होयो."

"पुजलेली गौर अर्धी कशी ठेवूची?" आई म्हणाली. ती हटली नाही.

विसर्जनापर्यंत दोघं एकमेकांशी जेवणापुरतं बोलली. मला आईचाही राग येत नव्हता आणि बाबांचाही, त्यामुळे जास्तच अवघडल्यासारखं झालं होतं. तिसऱ्या दिवशी बायका गौरी घेऊन दादरच्या चौपाटीवर गेल्या. गौर बोळवल्यावर तिथली मूठभर वाळू घरी आणून घरादारावर, झाडांवर शिंपडायची आमची रीत. आई परतली, चारी कोपऱ्यांत वाळू टाकली, आणि उरलेली मूठ तिनं बाबांसमोर उघडली. ओल्या वाळूत तो कांदा होता.

"तिका सोडलंय," ती खाली मान घालून म्हणाली. "ह्यो सुटूक नाय."

कांद्यावर नखानं खुडल्याची स्वच्छ खूण होती. बाबांनी ती पाहिली. खारं पाणी लागलेला, अर्धाकच्चा कांदा त्यांनी पुन्हापुन्हा धुतला आणि मातीत ठेवला.

पुढचे कित्येक महिने डबा रिकामा दिसत होता. आमरी तशी सोशिक, पण झोपेत असताना लाड केलेले तिला सोसत नाहीत. कोरड्या मातीला पाणी मिळालं की कांदा कुजतो. सगळी चाळ दयाळू, जो तो तांब्या घेऊन यायचा. डब्याची राखण आता आई करू लागली. संप लांबत गेला, बाबांना पुढे माझगावात गोदीच्या एका गोदामावर राखणीचं काम लागलं, घर कसंबसं चालू राहिलं. आणि पुढच्या आषाढात, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, करंगळीएवढं एक पान वर आलं. आईनं ते आधी पाहिलं. तिनं कुणाला हाक मारली नाही. पदर डोळ्यांना लावून ती तिथेच बसून राहिली.

त्या वर्षी फूल आलं नाही. तरी आईनं डबाच्या डबा गौरीशेजारी मांडला, त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि बोळवणीच्या वेळी तेरडा तेवढा उचलला. बाबा दारात उभे होते. "तुझी गौर ऱ्हवली गो," ते म्हणाले.

आमरी बाबांची होती. त्या दिवसापासून ती आईची झाली, आणि बाबांनीच ती तिची केली. आता दोघंही नाहीत. दर वर्षी जुना कांदा संपतो, नवा भरतो, म्हणजे माझ्या खिडकीतल्या कुंडीत सड्यावरचं असं काहीच उरलेलं नसणार. तरी फुलं येतात तेव्हा मी आईची आमरी असंच म्हणते. परवा माझ्या सुनेनं कोरड्या कुंडीकडे बघून विचारलं, "आई, हिच्यात काही आहे का?" मी म्हटलं, "आहे. पाणी मात्र घालू नकोस."