पटवाले भाऊंचा शेवटचा पट

वेबसाइट उघडेपर्यंत भाऊ श्वास रोखून धरायचे. पान पडद्यावर पूर्ण आलं, बोट लावल्यावर हललं, की मग सोडायचे. मला पहिल्या दिवशी वाटलं, यांना दम्याचा त्रास असावा, म्हणून मी धावत पाणी आणून दिलं. "मले काय झालं जी?" असं त्यांनी उलट मलाच विचारलं आणि पाणी मात्र पिऊन टाकलं.

गोंदियाच्या बाजारात, एका कापड दुकानाच्या माडीवर आमचं वेबसाइट बनवायचं काम चाले. भाऊ मालक, मी नोकर, पण तसं कधी वाटू दिलं नाही. ते कामठ्याचे, घरी धानाची शेती, आणि वडिलांना शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा भारी नाद. पोरानं बैल सोडले आणि ब्राउझर धरले. वेबसाइट बांधायला हल्ली जावास्क्रिप्टचे तयार सांगाडे मिळतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. कोणतं फ्रेमवर्क कोणत्या ब्राउझरात किती पळतं, हे मोजणं हा भाऊंचा नाद. त्या मोजणीला ते 'पट' म्हणत, म्हणून सगळे त्यांना पटवाले भाऊ म्हणत. अमकंच फ्रेमवर्क वेगवान, असं कोणी छातीठोकपणे सांगू लागलं की भाऊंचं ठरलेलं उत्तर, "एकटा बैल पाहून सांगू नोको. जोडी सांग. ब्राउझर कोनता?"

ब्राउझरांना त्यांनी नाती लावली होती. सगळ्यात जास्त लोक वापरतात तो जावई. "त्याच्यासाठी सारं जग रांधून राहिलं. आपन सासऱ्याचं पाहू." सासरा म्हणजे जुन्या फोनात आधीपासून बसलेला, कधीच न सुधारणारा ब्राउझर. तो अडला की भाऊ त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे, "घ्या ना जी दोन घास." मला हसू आवरायचं नाही. पण त्या सासऱ्यासाठी ते दोन-दोन दिवस घालवत, तेव्हा मात्र डोकं उठायचं.

त्यांचा एक नियम होता, आणि तो मला मुळीच आवडत नसे. पट उन्हातच व्हायचा. बाजारातल्या ओळखीच्या लोकांचे जुने फोन मागून आणायचे, गच्चीवरच्या टिनाच्या शेडखाली ठेवायचे, आणि चांगले तापले की मोजायचं. फोन तापला की सुस्तावतो, आणि जड फ्रेमवर्क अशा वेळी त्याला झेपत नाही. "आपला गिऱ्हाईक एसीत बसून नाही राहात," भाऊ म्हणायचे. ते आकडे आपल्या पानावर टाकायचे. नागपूर-रायपूरकडची पोरं काम सुरू करण्याआधी ते पान उघडून बघत. भाऊंचा आकडा म्हणजे आकडा. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, बाकी कशाचा नाही.

मग नागझिऱ्याच्या जंगलातल्या गाइड लोकांचं काम आलं. सकाळी फाटकावर जो आधी हजेरीची चिठ्ठी टाकेल त्याला आधी पर्यटकांची जिप्सी गाडी मिळायची. त्यावरून रोज कटकट व्हायची, म्हणून त्यांना फोनवर पाळी लावायचं पान हवं होतं. ज्याची पाळी चुकली त्याचा दिवस रिकामा. भाऊंनी दोन फ्रेमवर्क निवडली, एक जड पण झटपट बांधून होणारं, दुसरं हलकं पण वेळखाऊ. म्हणाले, "पट लावू, मंग ठरवू."

मे महिना होता आणि मला सातवा. एकानं बोट लावायचं, दुसऱ्यानं घड्याळ बघायचं, म्हणून मीही गच्चीवर गेले. थोड्या वेळात माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले नाही, पण भिंत धरून खाली बसले. भाऊंनी सगळे फोन टोपलीत भरले, मला हात देऊन खाली आणलं आणि कूलरपुढे बसवलं. मोजणी तिथेच पुरी केली. कूलरच्या गार हवेत जडसुद्धा भन्नाट पळालं. सासरासुद्धा एका दमात जेवला. आम्ही जडच घेतलं.

फाटकावर पान सुरू झालं आणि चौथ्या दिवशी फोन आला. उन्हात उभ्या असलेल्या माणसांच्या जुन्या फोनांवर पान अडकत होतं. ज्यांचे फोन नवे त्यांचीच पाळी लागत होती. एक म्हातारा गाइड, तीस वर्षं जंगल तुडवलेला, तीन दिवस फाटकावरून रिकामाच घरी परतला होता. भाऊ मला घेऊन गेले. ते त्या म्हाताऱ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मोजनी माही होती बाबा. खोटी निघाली." म्हातारा म्हणाला, "मशीन तं मशीनच आहे. पन तुह्या भरोशावर आम्ही चिठ्ठ्या बंद केल्या ना बापा."

परत येताना जीपमध्ये मी म्हटलं, "मला चक्कर आली म्हणून फोन आत आणले, एवढं तरी सांगायचं होतं." ते बाहेर बघत म्हणाले, "कारन सांगतलं म्हनून आकडा बदलते का?"

आठवडाभरात त्यांनी कुठलंही फ्रेमवर्क न घेता तेच पान पुन्हा हातानं लिहून दिलं. ते आजही फाटकावर चालतं. पण आकड्यांचं आपलं पान त्यांनी काढून टाकलं. पोरांचे फोन येत राहिले, हे उचलत नसत. पट बंद म्हणजे बंद. मी बाळंतपणाला गेले, आणि परत येईपर्यंत त्यांनी माडी सोडून कामठ्याचा रस्ता धरला होता. माझ्यावर एका शब्दानं राग नाही. रागावले असते तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. आता मी घरून पुण्याच्या कंपनीचं काम करते, आणि कोणी बैठकीत वेगाचे आकडे दाखवले की मला कानकोंडं वाटतं.

यंदा भाऊ नागऱ्याच्या शिवमंदिरात भेटले. माझी मुलगी बरोबर होती. तिला त्यांनी उचलून घेतलं, फुटाणे दिले. एवढी वर्षं गिळलेलं मी एकदाचं बोलून टाकलं, "भाऊ, माझ्यापायी तुमचा पट बुडाला."

"काऊन?" ते म्हणाले. "तुले घरी धाडून खालच्या चायवाल्याले वर नेता आलं असतं ना. मलेच कटाळा आला होता. कूलरची हवा मलेबी गोड लागली, बाई."

मुलीला खाली ठेवून ते गर्दीत निघून गेले. मी तिथेच उभी राहिले. या माणसाला उन्हाचा कंटाळा आलेला मी कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले ते खरं असेल तर बरंच आहे. आणि नसेल, तर माझ्यासाठी त्यांनी दुसऱ्यांदा खोटी मोजणी दिली.