कव्हरावरचं तोंड

नागपुरात चित्रं काढनारे बम असतीन, पन माह्या लहान भावासारखा एक नाही. गोविंदा त्याचं नाव. मी चौथी शिकलेला, लकडगंजात आरामशीनवर लाकडं कापतो. पन त्याची पयली रंगाची पेटी म्याच आनली, हे आधी सांगून ठेवतो.

पंच्याहत्तरच्या आगंमागंची गोष्ट. कालेजातले पोट्टे ताराचंदजीचं रहस्यमासिक घेत ते गोविंदाच्या कव्हरासाठी. आतली कथा तर ताराचंदजी लेखकाले कव्हर दाखवून मंग लिहून घेत.

म्या एकदा इचारलं, "तुह्याच कव्हरावर पोट्टे काहून तुटून पडतात गा?"

"दादा, कव्हरावरची पोरगी घेनाऱ्याच्या डोळ्यात पाह्यते. तिच्या मागं काय हाय, ते तिले दिसत नाही, त्याले दिसते. त्याले वाटते, हिले सांगावं, बाई, मागं पाह्य! सांगता येत नाही, मंग इकत घेते."

ती पोरगी म्हंजे आमची बहीन प्रेमिला. नंदनवनातल्या आमच्या घरी ती पातळ नेसून समोर बसे, अन् कव्हरावर बेलबाटम घालून निघे.

"एखादी शिवून तं दे रे मेल्या," म्हने.

मागं कधी सुरी, कधी काळा हात. मानसाचं तोंड गोविंदा मागं कधीच काढत नव्हता.

एक दिवस चौकातल्या धोंडबा पेपरवाल्यानं मले बोलावलं. "तुह्या भावाच्या मासिकाले उंदीर लागले का बे?"

उंदीर कायचे! कात्रीनं पोरीचं तोंड गोल कापून नेलेलं. बाकी कव्हर जसंच्या तसं. पुढच्या महिन्यातबी तेच.

मंग प्रेमिला बोलली. "दादा, माह्या कालेजच्या फाटकापाशी एक मानूस उभा राह्यते. बोलत काही नाही. माह्याकडे पाह्यते, मंग खिशातून कागद काढून पाह्यते, अन् पुन्हा माह्याकडे."

गोविंदाचा हात थांबला. तो ताराचंदजीकडे गेला, म्हनला, बहिनीचं तोंड आता नको. ताराचंदजी म्हनले, "तोंड बदललं तर पोट्टे दुसरं मासिक उचलतीन."

"ठीक हाय," गोविंदा म्हनला. दुसऱ्या दिवशी फाटकासमोरच्या हाटेलात बसून त्यानं त्या मानसाले नीट पाह्यलं. अन् पुढच्या कव्हरावर, प्रेमिलाच्या मागं, पयल्यांदा तोंड काढलं. चपटं नाक, डाव्या भुवईत केस नाही.

"दादा, आता हा जिथं उभा राहीन तिथं पोट्टे त्याले ओळखतीन."

असं डोकं कोनाचं चालते? दर महिन्याचं नवं कव्हर मी आमच्या दारावर ठोकत असे. येनाऱ्या-जानाऱ्याले समजलं पाह्यजे, हे कोनाचं घर हाय ते. हेबी ठोकलं. संध्याकाळपर्यंत धोंडबाकडे एक अंक उरला नाही. फाटकावरचा मानूस दिसेनासा झाला. म्या साऱ्या लकडगंजात सांगतलं, पोलिसाले जमत नाही ते माह्या भावाच्या ब्रशानं केलं.

मंग एका सकाळी प्रेमिला सडा टाकाले बाहीर गेली अन् बादली पडल्याचा आवाज आला.

आमी दोघं धावलो. दारावरचं कव्हर जागेवरच होतं. प्रेमिलाचं तोंड साबूत होतं. मागच्या मानसाचं तोंड तेवढं गोल कापून नेलेलं, अन् त्या भोकातून आमच्या दाराचं लाकूड दिसून राह्यलं होतं. म्या रंधा मारलेलं लाकूड.

प्रेमिला आमच्याकडे तोंड करून उभी होती. आमी दोघं भाऊ तिच्या मागं पाहून राह्यलो होतो. गल्लीत कोनी नव्हतं.

त्याच दिवशी तिले वर्ध्याले मावशीकडे धाडलं. कालेज सुटलं. तो मानूस कोन, ते आजवर समजलं नाही.

गोविंदानं मंग कोनाचंच तोंड काढलं नाही. दुकानाच्या पाट्या रंगवते, नुसते अक्षरं. अक्षरबी त्याच्यासारखं नागपुरात कोनाचं नाही, जाऊन पाहा. पाटी रंगवताना त्याची पाठ रस्त्याकडे असते. म्हनून मी तिथं उभा राह्यतो.