विहीणबाईंचा गवा

लाईट गेली की चेहरा उजळणारी बाई साऱ्या अकोल्यात एकच होती, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला विहीण म्हणून आली. ते भारनियमनाचे दिवस होते. पंखा थांबला की अख्खी गल्ली वीजवाल्यांचा उद्धार करायची. आमच्या विहीणबाई मात्र पदर खोचायच्या, तांब्याभर पाणी प्यायच्या आणि दुसरी बाई चिवट पाहुणे गेल्यावर म्हणेल तशा समाधानाने म्हणायच्या, "गेली एकदाची. हं, आता सांग, गवा काहून नाई चालत?"

हा गवा टीव्हीतला. टीव्हीला जोडून खेळायचा एक मारामारीचा खेळ असतो. हवेत तरंगणारा एक ओटा असतो, त्यावर दोन पात्रं एकमेकांना हाणतात, आणि जो ओट्यावरून खाली पडला त्याचा एक जीव गेला. असे दोन-तीन जीव प्रत्येकाला मिळतात; आणि पुरतं खाली पडायच्या आत हवेतच उडी मारून ओट्याची कडा धरली, तर परतही येता येतं. त्यात शिंगं असलेला एक आडदांड गडी होता, त्याला विहीणबाई गवा म्हणत. फुरफुर उडणारी एक चिमुरडी होती, ती चिमणी. त्यांची खरी नावं इंग्रजीत होती आणि ती घरात कोणी उच्चारत नसे. हा खेळाचा डबा माझ्याच मुलानं, म्हणजे त्यांच्या जावयानं, पुण्याहून आणला होता, तो आपल्या मेव्हण्यासाठी.

मेव्हण्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यापायीच होतं. विहीणबाईंचा हा एकुलता एक मुलगा चांगली नोकरी सोडून मोर्शीकडे संत्र्याची बाग करायला गेला होता. पाणी खोल खोल गेलं, आणि फळावर आलेली झाडं उभ्या उभ्या वाळली. तो अकोल्याला परत आला, समोरच्या खोलीतल्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडला आणि बोलायचा थांबला. जेवतोस का, तर हो. बरं वाटतं का, तर हो. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात सकाळचा पेपर कोणी मोठ्यानं वाचत नसे. विहीणबाईंना कशाची भीती वाटते ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. फक्त त्यांच्या घरातल्या माडीच्या दाराला कुलूप आलं होतं, ते मला दिसलं होतं.

विहीणबाई जन्मभर शाळेत पीटीच्या बाई. त्यांच्या हाताखालच्या खो-खोच्या पोरी जिल्ह्यात कोणाला हार जात नसत. निवृत्तीनंतरही पायात कॅनव्हासचे पांढरे बूट आणि गळ्यात शिट्टी. भाजीवाल्यासमोर त्या अशा उभ्या राहत की आता धावायला सुरुवात करतील, आणि भाव पटला नाही तर खरंच करत. मुलांच्या लग्नात पंगती लागेनात तेव्हा यांनी शिट्टी फुंकली आणि दीडशे माणसं मुकाट्यानं ओळीत बसली. त्या ओळीत मीही होते. वरमाई असून मला शिट्टीवर बसवलं म्हणून मी तोंड फुगवलं, श्रीखंड परत पाठवलं आणि रात्री नवऱ्याला सांगितलं की या बाईशी माझं जमणार नाही. श्रीखंड उत्तम होतं असं मागाहून कळलं. तेव्हाची मी आज भेटले तर मीच तिला शिट्टी मारून खाली बसवीन.

तर या पीटीच्या बाईंनी, बोटांना सांधेदुखी असताना, तो खेळ शिकून घेतला. मुलाला त्यांनी एका शब्दानं समजावलं नाही. दिवाणाच्या पायथ्याशी बसून रोज वाईट खेळायच्या आणि मोठ्यानं मतं मांडायच्या. गवा सर्वांत भारी, हे मत पहिलं. मागेपुढे पाय नाचवून हूल देणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय, हे दुसरं. उडी मारता मारता तिरपं जमिनीवर उतरून घसरत जायची एक युक्ती त्या खेळात आहे, तिला त्या "फरशीवर तेल सांडल्यावानी" म्हणत आणि असलं घसरणं घरंदाज पात्राला शोभत नाही असं सांगत. हे कोण बोलतंय, तर जिनं आयुष्यभर पोरींना हूल द्यायला शिकवलं ती बाई. मला तिथंच शंका यायला हवी होती. पण माझी अक्कल तेव्हा मानपानात गुंतलेली होती.

एके दिवशी त्यांचा अमरावतीला, माझ्या घरी, फोन आला. "विहीणबाई, तो बोलला."

"काय बोलला?"

"म्हणे, आई, गवा लय हळू हाय."

"मग?" मी म्हटलं. "हळूच तर आहे."

 मग त्या म्हणाल्या, "ठेवते, दूध उतू चाललं."

त्यानंतर त्यांचा नेम ठरला. वीज असेपर्यंत खेळायचं आणि गेली की वाद घालायचा, कारण पडदा चालू असला की तो कूस वळवून खेळ पाहण्यात दडून बसे आणि बंद पडला की त्याला उत्तर द्यावं लागे. माझ्या मुलानं सासूबाईंची अडचण पाहून इन्व्हर्टर देऊ केला, तो त्यांनी असा नाकारला जसा काही त्यानं विंचू देऊ केला. जावयाची भेट परत केली म्हणून मी पुन्हा रुसले. या रुसण्याचाही काही उपयोग झाला नाही, कारण मी रुसले आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मी हुशार. मी काय केलं असेल? अमरावतीतच कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या लेकीच्या मुलीकडून तो खेळ शिकले आणि अकोल्याला जाऊन ऐटीत बसले. लाईट गेली. विहीणबाईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "पाय नाचवून काय होते म्हणते मी? सरळ जाऊन शिंगावर घ्याचं." दिवाणावरून तो तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "छे हो, हूल दिली की समोरचा आधी वार करून मोकळा होतो, आणि मग आपण हाणायचं." उत्तर अगदी बरोबर होतं. तो म्हणाला, "हो," आणि भिंतीकडे वळला.

विहीणबाईंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी हुशार आहा. पण माझ्या घरी जरा कमी हुशार राहत जा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवसापासून मीही गव्याच्या पक्षात गेले. आम्ही दोघी मिळून इतकं अडाण्यासारखं बोलायचो की तो उठून बसायचा, उशी मांडीवर घ्यायचा आणि म्हणायचा, "काकू, तुमी तं आईहून वरताण."

पण घराबाहेर तो पाऊल टाकेना. मग आमच्या अमरावतीच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात याच खेळाची स्पर्धा आहे असं त्याच नातीकडून कळलं. विहीणबाईंनी त्याला ये म्हटलंच नाही. "मी नाव देऊन टाकलं," त्यांनी जाहीर केलं. "गवा घेऊन खेळते."

"आई, लोक हसतील."

"हसू दे. तुले कोणी बोलावलं?"

एकट्या आईला बसमध्ये कसं सोडायचं म्हणून बॅग धरायला तो आला. आमच्या घरी चहा प्याला. कॉलेजच्या फाटकाशी मात्र ऑटोतून उतरेना. "मी इथंच बसतो," म्हणाला. आम्ही दोघी आत गेलो.

पांढरे बूट, जरीकाठाची साडी आणि शिट्टी पाहून पोरांना चेव आला. "आज्जी, दोन शब्द बोला," म्हणत त्यांनी माईक हातात दिला. कर्णे बाहेर मैदानावर लावलेले होते, हे विहीणबाईंनी जाताजाताच पाहून ठेवलं होतं. त्यांनी गवापुराण सुरू केलं. हूल देणाऱ्यांना नावं ठेवली, घसरणाऱ्यांना तेलकट म्हटलं. पोरं हसून हसून लोळायची बाकी होती. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "पण आज्जी, गवा ओट्याबाहेर फेकला गेला की त्याला परत येताच येत नाही, त्याचं काय?"

"त्याले काय होते?" विहीणबाई म्हणाल्या. "पडला तं पडला. वापस याची धडपड काहून कराची? अजून जीव हायेत ना."

सभागृह हसलं. दारातून आवाज आला, "असं नसते, आई."

तो आत आला होता. चालताना लोकांच्या खुर्च्यांना अडखळत होता, इतकी चालायची सवय गेली होती. "जीव हायेत म्हणून सोडून द्याचं नसते," तो म्हणाला. "गवा जड हाय, लवकर पडत नाई, मान्य. पण पडला का त्याले याचा रस्ता एकच, आन् तो सगळ्याईले माहीत असते. चिमणी मार खाते. दूर जाते. पण तिनं शेवटची उडी राखून ठेवली असली तं ती येते. घाईनं उडी घालवली का संपलं. कडा हाताले लागेपर्यंत थांबाचं असते."

"मंग इतके दिवस काहून नाई सांगतलं?"

"तू ऐकते काय कोणाचं?"

आता पोरं त्याच्याकडे वळली. कोणी काही विचारलं, त्यानं उत्तर दिलं. कोणी वाद घातला, त्यानं बाह्या सरसावल्या. खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं नाचवून तो हूल कशी द्यायची ते दाखवू लागला. विहीणबाई मागे सरकत सरकत माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "काई बोलू नका," त्या म्हणाल्या. मी जन्मात पहिल्यांदा काही बोलले नाही.

आईच्या नावावर तोच खेळला, एक फेरी जिंकला आणि पुढच्या फेरीत हरला. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीनं त्याला गवा घेऊनच पाडला. विहीणबाईंनी गव्याबद्दल चकार शब्द काढला नाही, ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी तपश्चर्या असावी.

दुसऱ्या दिवशी पोहे खाता खाता तो म्हणाला, "मोर्शीले जाऊन येतो. झाडं पाहून येतो जरा."

"मी येऊ?"

"कायले?"

स्टँडवर त्याला बसमध्ये बसवून आल्यावर विहीणबाई आमच्या मागच्या पायरीवर बसून राहिल्या. बूट काढले नाहीत. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. जेवायला हाक मारली तरी आल्या नाहीत. दुपार कलल्यावर फोन वाजला. बांधाकडची काही झाडं खालून हिरवी आहेत, असं तो सांगत होता. विहीणबाईंनी डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सारी तोड आन् सोयाबीन पेर." पलीकडून तो इतका भडकला की फोन कानापासून लांब धरावा लागला, आणि वाळकी फांदी कुठून कापायची, खोडाला काय लावायचं, हे मलाही ऐकू आलं. तो परत आला नाही. बागेतल्याच खोलीत राहिला. अर्धी बाग वाचली, अर्ध्यात त्यानं नवी कलमं लावली.

यालाही आता वर्षं झाली. त्याचं लग्न झालं, हाताखाली माणसं आहेत, आणि फोन आठवड्यातून एखादा येतो. परवा मी अकोल्याला गेले तेव्हा त्यानं पाठवलेली संत्री आली होती. साल काढताच खोलीभर वास पसरला. एक फोड तोंडात टाकली, साखर होती नुसती. विहीणबाईंनी त्याला फोन लावला, माझ्याकडे पाहून डोळा मारला आणि म्हणाल्या, "काय रे, आंबट धाडली यंदा."

आम्ही दोघी वाट पाहत राहिलो. तो हसला. "असतील, आई," म्हणाला. "पुढच्या बहाराले पाहू. पाणी सोडलं हाय, मंग करतो फोन."

विहीणबाईंनी फोन मांडीवर ठेवला. "भांडलाच नाई," त्या म्हणाल्या. मग समोरच्या रिकाम्या दिवाणाकडे पाहत त्यांनी दुसरं संत्रं सोललं आणि फोडीवरची एकेक पांढरी शीर काढत बसल्या.