खराटा घेऊन वाळवंटात

ओमानमध्ये दुपारी सूर्याला स्वतःचाच चटका बसतो. तो ढगाआड जायला बघतो, पण ढगच नसतात, म्हणून बिचारा तसाच उभा राहतो. माबेलातल्या शेजाऱ्यांना मी हे इतक्यांदा सांगितलंय की आता ते स्वतःचं म्हणून दुसऱ्यांना सांगतात. माझ्या गोष्टी सगळीकडे चालतात. घरात तेवढ्या चालत नाहीत.

घरात म्हणजे मुलीपुढे. मी लिफ्ट दुरुस्त करतो. रुवीतल्या एका लिफ्टमधून मी एकदा बोकडासकट अडकलेल्या अर्बाबाला, म्हणजे इथल्या मालकाला, सोडवलं आणि तोवर बोकडाने तीन मजल्यांची बटणं खाल्ली होती, ही गोष्ट तिने लहानपणी वर्गात जाऊन सांगितली. वर्ग हसला. पुढे काही वर्षं ती विचारायची, "बाबा, हे फॅक्ट आहे की तुझं व्हर्जन?" बारा वर्षांची झाली आणि विचारणंही थांबलं. नुसतं "ओके बाबा." त्या 'ओके'इतकं गार या देशातल्या एसीतूनसुद्धा काही येत नाही.

एकदा जेवताना मी तिला सांगितलं, की आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे टेकडीच्या सपाट कातळावर, हजारो वर्षांपूर्वी कोरलेला हत्ती आहे, आपल्या हॉलपेक्षा मोठा, आणि आम्ही पोरं त्याच्या पोटावर आमसुलं सुकत घालायचो. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. शाळेच्या सुट्टीत आम्ही गावी जातो ते ऐन पावसात. तेव्हा सड्यावर कमरेएवढं गवत असतं, म्हणून तिने तो पाहिलेला नाही, इतकंच.

"ओके बाबा," ती म्हणाली.

मला लागलं. खोट्याला कोणी ओके म्हटलं तर मी समजू शकतो. पण हे खरं होतं हो! त्या झटक्यात बोलून गेलो, "इथेसुद्धा आहेत अशी चित्रं. रुस्ताकच्या पुढे, एका वादीत. मी स्वतः पाहिलीत. चाळीस उंट आहेत, चाळीस!"

"मग दाखव."

झालं. पाहिली कुणी होती? कामावरच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं, की पडक्या बुरुजामागच्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीत, जुनी चित्रं आहेत, तेवढंच. बायको मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "अहो, नाही सापडलं तर सरळ चुकलो म्हणा. तेवढं तरी खरं ऐकू दे तिला."

शुक्रवारी उजाडताच आम्ही दोघं निघालो. सोबत घावणे, पाण्याच्या बारा बाटल्या आणि गावाहून आणलेला हिरांचा खराटा. कातळावरची चित्रं मातीने भरलेली असतात. आधी झाडायचं, मग पाणी ओतायचं, की रेघा वर येतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे इतर लोक डोंगरात काठी घेऊन जातात, मी खराटा घेऊन गेलो.

बुरूज सापडला, वादी सापडली. दोन्ही बाजूंना डोंगर इतके उभे, की आपण लिफ्टच्या खड्ड्यात उतरलोय असं वाटावं. मी कामाला लागलो. दिसेल तो सपाट खडक झाडायचा, वर बाटली ओतायची, वाकून बघायचं. दोन तासांत मी एवढी वादी झाडली, की नगरपालिकेच्या माणसाने बघितलं असतं तर जागेवर कायम केलं असतं. रेघ म्हणून एक दिसली नाही. पाणी सात बाटल्यांवर आलं.

एका मोठ्या काळ्या दगडाच्या सावलीत आम्ही घावणे खायला बसलो. तिचा चेहरा लाल झाला होता, टाचेला फोड आला होता.

"बाबा, तू खरंच पाहिलंयस?"

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. पुरात वाहून गेली. वाळूखाली गेली. सरकारने हलवली. तिसरं तर फारच सुंदर होतं, त्यात क्रेन होती. पण तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "नाही. ड्रायव्हर म्हणाला होता."

"आय न्यू."

"मग आलीस कशाला?"

तिने घावण्याचा तुकडा मोडला. "मला वाटलं, मे बी सापडेल."

मी पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढे धरली.

तेवढ्यात शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागून एक म्हातारा. त्याने माझ्या बाजूला पडलेला खराटा पाहिला, मागे झाडून काढलेली वादी पाहिली, आणि हसत खालीच बसला. इथे चालते तसल्या मोडक्या हिंदीत म्हणाला,

"सदीक, दोस्त, हमारा वादी में कचरा बहुत है क्या?"

मी वाळूत बोटाने उंट काढून दाखवला. त्याने कपाळावर हात मारला. "अरे, नीचे क्या देखता है? नीचे बकरी का लेंडी है! ऊपर देखो, ऊपर!"

मुलीने माझ्याआधी मान वळवली. ज्या दगडाला टेकून आम्ही खात होतो, त्यावरच, माझ्या डोक्याच्या हातभर वर, उंट होते. काळ्या दगडावर टोचून टोचून काढलेले, फिकट, वीतभर उंचीचे. इथल्या लोकांनी उभ्या दगडांवर कोरलं होतं, आणि मी कोकणातला माणूस चित्र म्हणजे पायाखालीच असणार म्हणून दोन तास जमीन झाडत होतो. उभा जन्म लिफ्टखाली मान वर करून काढला, आणि नेमकी त्या दिवशी मान खाली!

ती एकेका चित्रापाशी बोट नेऊन, दगडाला न लावता, मोजत होती. चार उंट. त्यातल्या एकावर स्वार. वाकड्या शिंगांचा एक प्राणी. हात वर केलेला एक माणूस.

"चाळीस नाही, चार," ती म्हणाली. "झिरो तू लावलास."

"लावला."

"आणि गावचा एलिफंट?"

"तो आहे तेवढाच आहे."

"आमसुलं पण?"

"आमसुलं पण."

दगडाकडे बघत होती तसंच तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी काही जोडलं नाही. जीभ वळवळत होती, पण नाही जोडलं.

म्हाताऱ्याने खजूर दिले, आम्ही त्याला घावणे दिले, आणि परत फिरलो. मोठ्या रस्त्याला लागल्यावर फोनला रेंज आली आणि बायकोचा फोन आला. मी स्पीकर लावून सांगितलं, "सापडले. चार उंट, एक स्वार, एक शिंगवाला, एक माणूस."

पलीकडून ती म्हणाली, "चारच? अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला? ऊन लागलं का? की काही लपवताय?"

मुलीने फोन माझ्या पुढ्यातून उचलला.

"आई, बाबा खरं सांगतोय. मी मोजलेत."

मी गाडी चालवत होतो, म्हणून रस्त्याकडेच बघत राहिलो.