रजिस्टरबाईंची रांग

रजिस्टरबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी पोस्टमास्तर भाषणात म्हणाले की आता बाई घरी निवांत आराम करतील. बाईंनी त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त केलं. "आराम तुम्ही इथे करताच की साहेब. दोघांनी कशाला करायचा?"

चौतीस वर्षं त्या रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर बसल्या. खरं नाव पगारपत्रकापुरतं, एरवी साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी रजिस्टरबाईच. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ आणि जिभेला हाड नाही. त्यांच्या जागी मी आले. खुर्ची मला मिळाली, धाक मात्र त्या सोबत घेऊन गेल्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली वरची खोली एका नर्सला भाड्यानं दिली. नर्स परदेशातली. इथल्या हॉस्पिटलात पाच वर्षं काढल्यामुळे आपली भाषा चांगली बोलायची. तिच्या देशात नवा कायदा आला होता. पुरुषानं पुरुषावर किंवा बाईनं बाईवर प्रेम केलं तर सात वर्षं तुरुंग, आणि त्यांची बाजू घेणाऱ्याला तीन. तिचा धाकटा भाऊ जोडीदाराबरोबर भाड्याच्या खोलीत राहत होता. घरमालकानं खबर दिली आणि पोलीस दोघांना उचलून घेऊन गेले. कुठल्या तुरुंगात नेलं तेही कळलं होतं. पण आई विचारायला गेली तेव्हा फाटकावर उत्तर मिळालं, असा कोणी इथे नाही. चार महिने हेच उत्तर. तिकडची एक वकीलबाई जीव मुठीत धरून अर्ज करायला तयार होती, पण भाऊ तुरुंगात आहे असं दाखवणारा एक तरी सरकारी कागद असल्याशिवाय कोर्ट अर्जाला हात लावणार नव्हतं. तो जिवंत आहे की नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

नर्सनं हे सगळं बाईंना जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. बाई नंतर मला म्हणाल्या, "मला ह्यातलं फारसं काही कळत नव्हतं गं. पण कोणी कोणाला जीव लावला म्हणून अख्खा माणूस गायब करायचा? अगं, आपण फाटकं पाकीटसुद्धा गायब करत नाही."

मग त्यांनी आपलं जुनं हत्यार काढलं. परदेशी जाणारं रजिस्टर पत्र पोचलं तर घेणाऱ्याची सही परत येते. नाही पोचलं तर पत्रच परत येतं, आणि त्यावर छापील चिठ्ठी चिकटवून कारणापुढे खूण करावी लागते. पत्ता अपुरा, असा इसम नाही, घ्यायला नकार, यांपैकी एक. खाली शिक्का आणि सही. पत्ता तुरुंगाचा असो नाहीतर राजवाड्याचा.

पहिलं पत्र परत आलं, असा इसम नाही. दुसरंही तसंच. नर्सनं हात टेकले. बाईंना उलट चेव चढला.

"एका पत्राला माणूस विचार करून खोटं लिहितो," त्या म्हणाल्या. "शंभर आली की कंटाळतो. आणि कंटाळलेला कारकून खरं लिहून मोकळा होतो. चौतीस वर्षं कारकुनी केली आहे, मला विचार."

पुढच्या बुधवारी त्यांनी रांग आणली. हॉस्पिटलच्या नर्सा, गल्लीतला शिंपी, केस कापणारा, चष्मेवाला आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई. जाऊबाई कुरकुरत होत्या की मला बाई असले लोक पटत नाहीत. "पटू देऊ नकोस," बाई म्हणाल्या, "पाकीट चिकटव." प्रत्येकाच्या हातात दोन पाकिटं होती, एक भावाच्या नावाचं, एक त्याच्या जोडीदाराच्या. जोडीदाराच्या नावाची सगळी पाकिटं बाईंनी स्वतः लिहिली होती, कारण नर्स त्या नावाला हात लावायला तयार नव्हती. "त्याच्या नादी लागून माझा भाऊ गेला," एवढंच ती म्हणायची.

एकवीस माणसं, बेचाळीस पाकिटं. खरं सांगते, मला संताप आला. प्रत्येकाचं वजन, तिकीट, नोंद, पावती, आणि मागे रोजची रांग खोळंबलेली.

"बाई, मला हात दोनच आहेत."

"मला काय चार होते?"

मग दर बुधवारी ही रांग यायला लागली. काही आठवड्यांनी त्या देशाच्या वकिलातीतून पोस्टमास्तरांना फोन आला. साहेब कपाळाचा घाम पुसत माझ्या खिडकीमागे येऊन उभे राहिले. रांगेत सगळ्यांच्या पुढे बाईच होत्या.

"बाई, ही पाकिटं आजपासून घेता येणार नाहीत. वरून सांगणं आहे."

"लेखी द्या."

"अहो, फोनवर सांगितलंय."

"मग मीही फोनवरच ऐकेन. तिकीट पुरेसं आहे, पत्ता पुरा आहे, आत साधं पत्र आहे. कोणत्या नियमाखाली नाकारताय तो नंबर लिहा, खाली सही करा आणि शिक्का मारा. मी इथे उभी आहे. गुडघे दुखतात, पण उभी आहे."

साहेबांनी सहीसाठी पेन काही काढलं नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही घेऊ नका."

शूर वगैरे मी नाही. पण चोराच्या उलट्या बोंबा मला सहन होत नाहीत. माणसं त्या सरकारनं गायब करायची आणि त्यांच्या नावाची पत्रंही आम्ही अडवायची? मी बाईंच्या हातातलं पाकीट घेतलं आणि काट्यावर ठेवलं. साहेब म्हणाले, याची नोंद होईल. मी म्हटलं, माझ्या नावानंच करा. त्या दिवशी मी अठ्ठावन्न पाकिटं घेतली आणि एकदाही कुरकुरले नाही.

परत आलेली पाकिटं माझ्याच खिडकीवर यायची. बाईंचं म्हणणं मला तिथे दिसायला लागलं. पहिल्या गठ्ठ्यावरच्या खुणा रेखीव, शिक्का सरळ. चौथ्या गठ्ठ्यापर्यंत शिक्के वाकडे झाले. पुढे सही आखूड होत होत नुसती रेघ उरली. तिकडे कोणीतरी आम्हाला रोज शिव्या घालत होतं, आणि मला त्याचा फार आनंद व्हायचा.

अकराव्या आठवड्यात, सकाळी सव्वाअकराला, शिंप्यानं पाठवलेलं पाकीट हातात आलं. भावाच्या नावाचं. खूण एक ओळ खाली होती. घ्यायला नकार. बाजूला तुरुंगाचा गोल शिक्का, तारीख, रेघोटीची सही.

मी चिठ्ठी तीनदा वाचली. मग अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा खिडकी मधेच बंद केली, नोंदवहीत सही करून तो गठ्ठा उचलला आणि बाईंच्या घरी गेले. नर्स नुकतीच ड्यूटीवरून आली होती, पायात बूट तसेच होते. बाईंनी चष्मा लावून चिठ्ठी पाहिली, शिक्का पाहिला, आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

"म्हणजे तो नको म्हणाला?" नर्सचा चेहरा उतरला.

"तो नाही, तुरुंग नको म्हणाला. माणूस नसता तर पहिल्यासारखं लिहिलं असतं, असा कोणी नाही. तुझा भाऊ त्यांच्याकडे आहे पोरी. त्यांच्याच शिक्क्यानिशी."

नर्स जमिनीवर बसली आणि रडली. बाईही रडल्या, आणि मीही. मग तिनं पाकिटाचे फोटो काढून वकीलबाईंना पाठवले. दहा मिनिटांत उत्तर आलं, अर्ज आजच दाखल करते.

बाकीचा गठ्ठा टेबलावर पडला होता. नर्सनं त्याची दोरी सोडली. त्यात जोडीदाराच्या नावाची एकतीस पाकिटं होती. तिनं एकेक चिठ्ठी वाचली. प्रत्येकीवर तेच, असा इसम नाही.

"ह्याच्या घरचं कोणी विचारत नाही का?" बाईंनी विचारलं.

"त्यांनी त्याला कधीच टाकलंय," नर्स म्हणाली. "त्याला आमच्याशिवाय कोणी नाही."

तिनं बाईंच्या पुढ्यातलं पेन आणि एक कोरं पाकीट ओढून घेतलं. त्याचं नाव लिहिलं, खाली तुरुंगाचा पत्ता. पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं आणि नात्याच्या रकान्याची सोय पाकिटावर नसतानाही त्यापुढे लिहिलं, बहीण.